आमची वाटचाल: बंबाच्या डाखापासून रेडिएटरपर्यंत

आमचे वडील मुळात अंघोळीचं पाणी तापवायचे तांब्याचे बंब दुरुस्त करायचे. कराडात आणि आसपासच्या गावात तेव्हा घरटी बंब असायचा, मधली नळी गळायला लागली की लोक तो सायकलच्या कॅरियरला बांधून आणायचे आणि वडील नवसागर लावून कथलाचा डाख मारून (म्हणजे कथील वितळवून सांधा जोडून) संध्याकाळच्या आत परत द्यायचे. पुढं गीझर आले आणि बंब माळ्यावर गेले, काम कमी झालं. 1986 ला एका ट्रकवाल्यानं येऊन विचारलं की तात्या हे पण तांबं-पितळच आहे, ह्याला डाख मारून देता का, आणि समोर ठेवलं ते गाडीच्या इंजिनाचं पाणी गार करणारं रेडिएटर. वडिलांनी ते चारी बाजूनं फिरवून बघितलं आणि म्हणाले हा तर उलटा बंब, त्यात विस्तव पाणी तापवतो, ह्यात वारा पाणी निववतो. तिथनं आमचं रेडिएटरचं दुकान सुरू झालं.

मी 1999 पासून पूर्ण वेळ दुकानात. तेव्हाचं काम म्हणजे वरची-खालची टाकी ब्लो लँपनं उकलायची, नळ्यांमधनं चपटी पट्टी सारून आत साठलेला क्षार काढायचा (आपल्याकडं बोअरचं पाणी इतकं जड की तीन वर्षांत नळी चुन्यानं भरते), परत टाकी बसवायची आणि सगळी तोंडं रबरानं बंद करून हौदात बुडवून हवा भरायची. वडिलांनी मला पहिली शिकवण हौदापाशी दिली. हवा भरल्याबरोबर जे बुडबुडे येतात ते जाळीत (दोन टाक्यांमधल्या नळ्या आणि पत्र्याच्या पंखांच्या भागात) अडकलेल्या हवेचे असतात, ते सगळे वर जाऊ द्यायचे, पाणी शांत होऊ द्यायचं, आणि मग एकाच जागेवरनं मोहरीएवढा बुडबुडा सुटतोय का ते बघत बसायचं, दहा मिनिटं, बोलायचं नाही. आजही प्रत्येक रेडिएटर, नवाकोरा असला तरी, त्या हौदातनं गेल्याशिवाय आम्ही गाडीला लावत नाही.

मग ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकची टाकी असलेले रेडिएटर आले. पितळी मालासारखी टाकी डाख मारून नाही बसवलेली, मधी रबराचं गॅस्केट आणि कडेनं दुमडलेल्या पत्र्याचे दात. ॲल्युमिनियमची जाळी भट्टीत जवळजवळ 600 अंशाला एकजीव केलेली असते, तिथं आपला कथलाचा डाख धरत नाही, आणि प्लॅस्टिकची टाकी एकदा तडकली की कसला पण लांबी-गोंद लावा, दुसऱ्या घाटात परत उघडते. दुरुस्तीचा धंदा हळूहळू "नवीन कुठला बसवू?" ह्या प्रश्नाकडं वळला. आणि ह्या प्रश्नाला आम्ही सुरवातीला नीट उत्तर देत नव्हतो, हे मोकळेपणानं लिहितो.

2004 च्या मे मधली गोष्ट. एका वडापवाल्या (सीटप्रमाणं प्रवासी नेणाऱ्या) दादांची जुनी डिझेल जीप, जाळी पार सडलेली, पितळी माल मागवायला आठवडा लागणार आणि त्यांची लग्नसराईची भाडी ठरलेली. एका सप्लायरनं सांगितलं की हा ॲल्युमिनियमचा घ्या, ब्रॅकेट जुळतात, "सेम टू सेम". ब्रॅकेट जुळले, पाइप जुळले, उंची-रुंदी पण जुळली आणि मी लावून दिला. जाळीची जाडी मी मोजली नाही. जुनी जाळी तीन रांगांची होती, नवीन एका रांगेची आणि निम्म्या जाडीची. गावात गाडी मस्त चालली, चिपळूणला वऱ्हाड घेऊन गेली, आणि येताना पोफळीवरनं कुंभार्ली घाट चढताना काटा लाल झाला. बारा-तेरा माणसं, टपावर सामान, भर दुपार, दुसऱ्या गिअरला इंजिन ओढतंय आणि वारा असा नाहीच. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि त्याच्या हेडमधली सील, उडालं. वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या माणसांना दोन तास रस्त्याच्या कडेला बसावं लागलं. वडिलांनी मला काही न बोलता मेकॅनिकला पाठवलं आणि हेडचं सगळं काम आमच्या खर्चानं झालं, पितळी रेडिएटर पण आम्हीच बसवून दिला. ते दादा आज पण आमच्याकडंच येतात, पण तो दिवस मी विसरलेलो नाही.

त्या आठवड्यात वही सुरू झाली. लाल पुठ्ठ्याची लांब वही, प्रत्येक गाडीचं पान. जाळीची उंची, रुंदी, जाडी मिलिमीटरमधी, नळ्यांच्या रांगा किती, एका इंचात पंख (नळ्यांमधले पातळ पत्रे) किती, पाइपची तोंडं कुठल्या बाजूला आणि किती व्यासाची, रेडिएटरच्या झाकणावर दाबाचा आकडा काय, फॅन बेल्टवरचा का करंटवरचा, पुढं एसीचा कंडेन्सर आहे का, पंख्याभोवतीची काऊल (वारा जाळीतनंच ओढला जावा म्हणून असलेलं कडं) शाबूत आहे का. आज अशा सहा वह्या आहेत आणि जुन्या गाडीला पर्याय शोधताना कॅटलॉगच्या आधी आम्ही वही उघडतो.

लोक विचारतात तांब्याचा चांगला का ॲल्युमिनियमचा. तांबं उष्णता जास्त वाहतं हे खरं, पण त्या रेडिएटरात पंख तांब्याचे आणि नळ्या पितळेच्या असतात आणि दोघांच्या मधी डाखाचा थर असतो, त्या थरात बरंच नुकसान होतं. ॲल्युमिनियममधी नळी रुंद आणि पंख थेट नळीशी जोडलेला, म्हणून बरोबर मापाचा ॲल्युमिनियमचा रेडिएटर पाणी तेवढंच गार करतो आणि वजनाला निम्मा भरतो. आमचं नुकसान धातूनं नव्हतं केलं, न मोजलेल्या जाडीनं केलं होतं. आता कमर्शियल जुनी गाडी, खराब रस्ता, जी अजून दहा वर्षं पळवायची आहे आणि जिथं गावातच डाख मारून मिळाला पाहिजे, तिथं मी पितळीच सांगतो. जुनी टाकी चांगली असेल तर फक्त जाळी बदलून देतो, ते सगळ्यात टिकाऊ काम.

पण सगळ्यांना ते सांगत नाही. मागं एका रिटायर्ड मास्तरांची 1998 ची मारुती 800 आली, कार्बोरेटरवाली, अगदी लेकरासारखी जपलेली. कुणीतरी त्यांना महागडा माल घ्यायला सांगितलेलं. मी विचारलं मास्तर, पासिंग कधीपर्यंत आहे? 15 वर्षांनंतर खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पाच-पाच वर्षांनीच वाढतं, त्यांची अजून साडेतीन वर्षं शिल्लक होती आणि गाडी महिन्यातनं दोनदा दवाखान्यात आणि एकदा पाटणला जाते. त्यांना साधा, बरोबर मापाचा ॲल्युमिनियमचा बसवला. घेताना एकच गोष्ट बघितली, त्यांची गाडी एसीची होती आणि दुकानात पहिला हातात आला तो बिनएसीचा होता. दिसायला भाऊ-भाऊ, पण कंडेन्सर पुढं बसला की मागच्या जाळीला आधीच तापलेली हवा मिळते, तिथं माप चुकवून चालत नाही.

ऊसवाल्या ट्रॅक्टरचं तर सगळं उलटं. तिथं लोकांना वाटतं पंख जितके दाट तितकं गार. सीझनला पाचटाचा भुगा आणि धूळ त्या दाट पंखात अशी बसते की आठ दिवसात जाळीची भिंत होते. तिथं मी विरळ पंखाची जाळी देतो, थोडी जाड, म्हणजे रोज संध्याकाळी मागनं पुढं हवा मारली की मोकळी होते.

आणि एक, रेडिएटर बदलायला आलेल्या बऱ्याच गाड्यांना रेडिएटर लागतच नाही. गळती नसताना गाडी गरम होत असेल तर आधी आम्ही थंड इंजिनाला झाकण काढून चालू करून बघतो, पाणी तापायच्या आधीच तोंडातनं सारखे बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट बघा म्हणून सांगतो आणि गाडी मेकॅनिककडं पाठवतो. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडं जाणारं पाणी अडवणारी झडप) काढून फेकलेल्या तर कितीतरी गाड्या येतात. ड्रायव्हर लोकांची समजूत की तो काढला की गाडी गार राहते, पण इंजिन नीट तापत नाही, डिझेल जास्त खातं, आणि काही इंजिनात पाणी रेडिएटरला न येता बायपासनंच फिरत राहतं. झाकणाचं पण तसंच. 0.9 (म्हणजे 0.9 बार दाब) लिहिलेलं चांगलं झाकण असेल तर आतलं पाणी साधारण 118 अंशापर्यंत उकळत नाही, त्याचं रबर गेलं की शंभराच्या आतबाहेरच उकळतं. पण म्हणून जुन्या कमी दाबाच्या पितळी रेडिएटरला जास्त दाबाचं झाकण लावू नका, टाकीचा सांधाच फुटतो, आम्ही असे फुटलेले कितीतरी बघितले.

2019 च्या ऑगस्टच्या पुरानंतर दोन महिने आम्ही नुसता गाळ धूत होतो. लॉकडाऊनमधी गाड्या साध्या पाण्यावर उभ्या राहिल्या आणि 2020 च्या दिवाळीपर्यंत आतनं गंजलेल्या जाळ्यांची रांग लागली, तेव्हापासून बसवलेल्या रेडिएटरमधी कुलंट (पाण्यात घालायचं गंज रोखणारं द्रव) आम्ही बिलातच धरतो, निम्मं कुलंट निम्मं डिस्टिल्ड वॉटर, आणि हिरव्या कुलंटमधी भगवं कुलंट मिसळू देत नाही. वडील आता दुकानात सकाळी दोन तास येतात, हौदाशेजारी खुर्ची टाकून बसतात. टेस्टिंग अजून त्यांचंच.

जुन्या गाडीचं काम घेऊन येणार असाल तर जुना रेडिएटर भंगारात घालू नका, कितीही सडलेला असला तरी सोबत आणा, मापं त्याच्यावरनंच मिळतात. झाकण पण आणा. आणि गाडी पुढं काय ओढणार, कुठल्या घाटातनं जाणार आणि अजून किती वर्षं ठेवायची आहे एवढं घरून ठरवून या.