तापातली आकडी आणि अंगातले लोह

आमच्या दापोली भागात पावसाळ्यात तापाची साथ सुरू झाली, की कुणाच्या तरी लहान मुलाला तापात आकडी आल्याचे हमखास कानावर येते. माझ्या बहिणीच्या दीड वर्षाच्या मुलाला ती आली, तेव्हा शेजारच्या काकू चमचा घेऊन धावल्या. "काकू, तोंडात काहीही घालू नका," असे म्हणत बहिणीने त्याला कुशीवर वळवले आणि घड्याळाकडे नजर ठेवली. आकडी ५ मिनिटांहून अधिक टिकली तर तातडीने दवाखाना गाठायला हवा, हे तिला ठाऊक होते.

६ महिने ते ५ वर्षे वयाच्या साधारण २ ते ५ टक्के मुलांना अशी आकडी येते आणि बहुतेकांवर तिचा कायमचा परिणाम राहत नाही. मात्र ती ओसरल्यावर मुलाच्या अंगात लोह पुरेसे आहे का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे, असे मला कळकळीने वाटते. अनेक अभ्यासांत आकडी आलेल्या मुलांमध्ये लोहाची कमतरता, आकडी न येता नुसता ताप आलेल्या मुलांपेक्षा जास्त आढळली आहे. सगळ्या अभ्यासांचा कौल एकसारखा नाही आणि यावरून कमतरतेमुळेच आकडी येते असे सिद्ध होत नाही. तरीही मेंदूतील संदेशवाहक रसायने तयार होण्यासाठी आणि मज्जातंतूंवरचे आवरण घडण्यासाठी लोह लागते, हे लक्षात घेता हा संबंध दुर्लक्ष करण्याजोगा नाही. तपासणीत एक मेख आहे: लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन तापात वाढते, त्यामुळे ऐन तापात अहवाल ठीक आला तरी कमतरता दडून राहू शकते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील ५ वर्षांखालच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. भाच्याचेही हिमोग्लोबिन कमीच निघाले, कारण त्याचे पोट दिवसभर गाईच्या दुधावर आणि चहात बुडवलेल्या बिस्किटांवर भरत होते. दुधात लोह नगण्य असते आणि चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. आता त्याला मोड आणलेल्या नाचणीची पेज, लिंबू पिळलेली मऊ डाळ आणि बारीक केलेल्या तिसऱ्या, म्हणजे खाण्याचे शिंपले, मिळतात. अर्थात, कमतरता एवढी असताना नुसत्या आहाराने ती भरून निघत नाही, म्हणून डॉक्टरांनी लोहाचे सिरपही दिले आहे. ते दुधासोबत देऊ नये, त्याने शौचाला काळी झाली तरी घाबरू नये, आणि हिमोग्लोबिन वाढल्यावरही साठा भरेपर्यंत, डॉक्टर सांगतील तितके महिने, ते बंद करू नये.