बंबाची तोटी, पामुक्कले आणि राजापूरचं उन्हाळं

कोल्हापुरात आमच्या शुक्रवार पेठेतल्या घरात अजून तांब्याचा बंब आहे. बोअरचं पाणी जड, त्यामुळं अधनंमधनं तोटीत पांढरं कीट धरतं आणि धार करंगळीएवढी होते. मग आई जळणातलं ढलपं उचलते आणि तोटीवर दोन टोले हाणते. कपच्या पडतात, धार सुटते. हे मी लहानपणापासून बघतोय. पण त्यावर पुन्हा विचार करायची वेळ आली ती जानेवारीतल्या एका रविवारी, राजापुरात.

निमित्त आईच्या गुडघ्यांचं. "उन्हाळ्याच्या पाण्यात पाय घालून येऊ," हे ती दिवाळीपासून म्हणत होती. उन्हाळं म्हणजे गरम पाण्याचा झरा. पहाटे निघालो, बाजारभोगावकडून अणुस्कुरा घाट गाठला. घाटमाथ्यावर अंगात स्वेटर, खाली पाचलला उतरेपर्यंत घामाच्या धारा. वाटेतल्या चहाबद्दल न बोललेलं बरं.

उन्हाळे राजापूरला अगदी लागून, अर्जुना नदीच्या काठाला. दगडी गोमुखातून पाण्याची धार अखंड पडते. अंगाला सोसेल असं ऊन पाणी, गिझरच्या पाण्यासारखं चटकन निवत नाही. आई लुगडं गुडघ्यापर्यंत सावरून बसली, पाय धारेखाली धरले आणि बराच वेळ गप्प. मग एकदम म्हणाली, "आरं, तू फोटोत दाखवलास तसलं पांढरं हितं कुठं हाय?"

गोमुखाच्या कडेवरून हात फिरवला. शेवाळ, ओला काळा दगड. पांढरं नावालाही नाही.

आई म्हणत होती ते पामुक्कले. गेल्या वर्षी ग्रुप टूरबरोबर तुर्कस्तानला गेलो होतो, तिथं डेनिझली शहराजवळचा हा डोंगर. नावाचा अर्थ कापसाचा किल्ला. लांबून वाटतं बर्फ पडलंय. वर जाताना चपला हातात घ्याव्या लागतात, बूट घालून कुणी गेलं की रखवालदार शिट्टी फुंकतो. मऊसूत असेल म्हणून पाय टाकला तर तळव्याला बारीक बारीक वळ्या टोचल्या, पाट्यावर टाकी घातल्यासारख्या. त्या वळ्यांवरून साधारण 35 अंशांचं पाणी झिरपत असतं, आणि जाता जाता दगड घडवत असतं.

खाली संगमरवर आणि चुनखडी. कार्बन डायऑक्साइड मुरलेलं गरम पाणी त्यातला चुना विरघळवून घेतं. वर आलं की दाब सुटतो, गोटी सोडा फोडल्यावर होतं तसा वायू उडून जातो आणि चुना पाण्यात राहू शकत नाही. तो थरावर थर बसतो. हाच ट्रॅव्हर्टाइन. बसवर परत जायची घाई असलेल्या आमच्या टूरवाल्यांनी एवढ्यावरच फोटो काढले आणि विषय संपवला.

मला मात्र गोडी लागली ती वरच्या अंगाला. डोंगराच्या माथ्यावर हिएरापोलिस या जुन्या शहराचे अवशेष आहेत आणि त्यातूनच एक जिवंत भ्रंश, म्हणजे जमिनीतली अजून सरकणारी भेग, जाते. जुन्या भिंती आणि पाण्याचे पाट तिच्यापाशी सरळ तुटून सरकलेत. इ.स. 60 च्या सुमाराच्या भूकंपात हे शहर उद्ध्वस्त झालं होतं. त्याच भेगेवर प्लूटो देवाचं ठाणं होतं. तिथून इतका विषारी वायू यायचा की स्ट्रेबो या ग्रीक भूगोलकारानं चिमण्या आत सोडल्या आणि त्या लगेच मरून पडल्या, असं त्यानंच लिहून ठेवलंय. आपल्याकडं असं ठिकाण असतं तर तिथंही देऊळच झालं असतं, यात मला शंका नाही.

त्या भागात लांबट, कासवाच्या पाठीसारखे ट्रॅव्हर्टाइनचे उंचवटे आहेत. पाठीवर मधोमध लांब चीर. चिरीतून पाणी बाहेर येऊन दोन्ही अंगांना उतरते थर घालतं, आणि आत चिरीच्या भिंतींवर उभे पट्टे चढवतं. पण म्हणजे पाणी आपलीच वाट बुजवत असतं! मग झरा वाहता राहतो कसा? जमीन ताणली जाते, भूकंपाचा हिसका बसतो, चीर पुन्हा उघडते, नवा पट्टा चढतो. आईचं ढलपं.

या पट्ट्यांचं वय काढता येतं. पाण्यात युरेनियम विरघळतं, थोरियम जवळपास नाही. म्हणजे ताज्या थरात थोरियम नसतंच, नंतर जे सापडतं ते युरेनियमच्या क्षयातून आलेलं. त्यावरून काही लाख वर्षांपर्यंतचा हिशेब लागतो. चिरीची रुंदी भागिले वय, की जमीन किती वेगानं फाटतेय ते कळलं. भूशास्त्रज्ञ पॉल हॅनकॉक आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये या अभ्यासाला ट्रॅव्हिटॉनिक्स असं नावच दिलं. अर्थात प्रत्येक थर भूकंपाच्या खात्यावर मांडणं मला पटत नाही. पाऊसमान वाढलं, भूजल चढलं, तरी झरे जोर धरतात.

आईला यातलं निम्मंच सांगितलं. आपल्याकडचा दगड बेसॉल्ट, म्हणजे काळा कातळ, पामुक्कलेसारखे चुनखडीचे जाड थर खाली नाहीत, म्हणून पांढरं नाही. पालघरपासून राजापूरपर्यंत किनाऱ्याला समांतर गरम झऱ्यांची ओळच आहे. जवळ ज्वालामुखी नाही. पाणी भेगांतून खोल जातं, तापतं आणि भेगांतूनच वर येतं. पण भेग आजही हलते की केव्हाच निजली, हे नुसत्या गरम पाण्यावरून सांगता येत नाही. ट्रॅव्हर्टाइन असता तर ते तपासायला काहीतरी हाती लागलं असतं.

"कोयनेची हलली की," आई म्हणाली. 11 डिसेंबर 1967 ची पहाट, ती दहा वर्षांची. फळीवरची पितळेची भांडी आधी किणकिणली, मग धडाधड खाली आली. आजोबांनी पोरांना अंथरुणासकट उचलून बोळात नेलं. हे मी शंभरदा ऐकलंय. पाय गोमुखाखाली ठेवून ती सांगत होती म्हणून या वेळी मध्येच तोडलं नाही.

घरी पोहोचायला रात्रीचे नऊ वाजले. आल्या आल्या बंब पेटवायला निघाली.

"आई, दिवसभर गरम पाण्यातच होतीस की."

"त्ये देवाचं पाणी. आंगूळ घरातलीच."

थोड्या वेळानं न्हाणीतून तोटीवर दोन टोले बसल्याचा आवाज आला.