आई-बाबांचं स्मार्ट घर: सगळं जमलं, वायफाय सोडून

आई-बाबा सांगलीत दोघंच राहतात, आम्ही पुण्यात. त्यांच्या घरात हवं होतं ते मोजकंच. गिझर चालू राहिला तर इथून बंद करता यावा, रात्री उठल्यावर पॅसेजमधला दिवा आपोआप लागावा, गॅस गळला तर फोन वाजावा आणि बाथरूममध्ये एक एसओएस बटण असावं. सामान सहज मिळालं, भिंतीवर बसलंही. घोडं अडलं ते ब्रॉडबँड कंपनीच्या राउटरपाशी, आणि अजून डोकं तापतं ते त्यावरूनच.

कंपनीचा राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे दोन्ही बँड, म्हणजे वायफायचे दोन लहरपट्टे, एकाच नावाने सोडतो. राउटरच्या जवळ उभं राहिलं की फोन ५ पकडतो. स्मार्ट प्लग, बल्ब, वायफायवरचे सेन्सर यांतल्या बहुतेकांना मात्र फक्त २.४ कळतं. त्यामुळे ॲपमधलं वर्तुळ फिरत राहतं, प्लगचा दिवा लुकलुकत राहतो आणि शेवटी उत्तर येतं, डिव्हाइस सापडलं नाही. प्लगच बिघडलाय असं समजून लोक तो परत पाठवतात. प्लगला काहीही झालेलं नसतं.

उपाय अगदी किरकोळ. दोन बँडना दोन नावं द्यायची आणि २.४ ला डब्ल्यूपीए२ ही वायफायची जुनी सुरक्षा पद्धत ठेवायची, कारण नुसतं नवं डब्ल्यूपीए३ असेल तर बरीच स्वस्त उपकरणं जोडलीच जात नाहीत. पण त्या सेटिंगचा ॲडमिन पासवर्ड कंपनीकडे. राउटरखालच्या स्टिकरवरच्या पासवर्डने वायफायचं नाव तेवढं बदलता येतं, बँड वेगळे करायचा पर्याय दिसतच नाही.

कस्टमर केअरला फोन लावला की, "सर, तुमचा स्पीड तर व्यवस्थित येतोय." स्पीडबद्दल तक्रारच नाही म्हटलं तरी नोंद होते ती स्पीडचीच. मग माणूस येतो, स्वतःच्या फोनवर स्पीड टेस्ट काढतो, स्क्रीनशॉट घेतो आणि आईकडे ओटीपी मागतो. तिने दिला की मेसेज हजर: आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे! घरच्यांना आधीच बजावून ठेवा, काम डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ओटीपी द्यायचा नाही, माणूस कितीही गोड बोलला तरी. तोंडी समजावत बसण्यापेक्षा ईमेलवर एवढंच लिहा: बँड स्टीअरिंग (दोन्ही बँड एका नावाखाली चालवणं) बंद करा, २.४ ला वेगळं नाव द्या, सुरक्षा डब्ल्यूपीए२ ठेवा. तक्रार क्रमांक जपा. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१२ च्या नियमांनुसार तक्रार केंद्राच्या वर कंपनीत अपिलाची सोय असते, तिला फी नाही, पण तिथे हाच क्रमांक मागतात.

एवढं करून नावं वेगळी झाली, आणि कंपनीने दुरून राउटर अपडेट केल्यावर पुन्हा एक झाली. तिथे मी त्यांचा नाद सोडला.

सरळ आपला छोटा राउटर घ्या. फक्त २.४ वर चालणारा, हजार-बाराशेचा पुरतो. त्याच्या वॅन पोर्टमधून (इंटरनेट आत घेणारं भोक) केबल कंपनीच्या राउटरच्या लॅन पोर्टमध्ये (इंटरनेट बाहेर देणारं भोक) घाला. नाव इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी एक कायम करा, रुंदी २० मेगाहर्ट्झ. घरातली सगळी उपकरणं यावरच जोडायची. उद्या कंपनी बदलली तरी एक केबल काढून दुसरीकडे खोचायची, बाकी कशालाही हात लावायचा नाही. हे मला कोणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

वीज गेली की हे सगळं आंधळं होतं, म्हणून मिनी यूपीएस लागतोच. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही, म्हणजे दोन आउटपुटवाला घ्या. घेण्यापूर्वी ॲडॉप्टरवरचे आकडे वाचा. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण ९ चेही निघतात.

गिझरचं सांगायचं राहिलं. २ किलोवॅटचा गिझर साधारण ९ अँपिअर ओढतो, त्यामुळे प्लग १६ अँपिअरचाच हवा. ॲपमध्ये 'वीज परत आल्यावर काय' अशी सेटिंग असते, ती 'बंद' वर ठेवा. नाहीतर वीज गेली तेव्हा चालू असलेला गिझर रात्री वीज आल्यावर आपोआप सुरू होईल.

गॅस सेन्सर सिलिंडरसाठी असेल तर जमिनीपासून फूटभर उंचीच्या आत, कारण एलपीजी हवेपेक्षा जड. पाइपचा गॅस हलका, त्याचा सेन्सर छताजवळ. दुकानदार दोन्हीकडे ओट्याच्या उंचीवर ठोकून मोकळे होतात.

माणूस स्थिर बसला तरी ओळखणारे रडारवाले सेन्सर फिरत्या पंख्यालाही माणूस समजतात. त्यांची दिशा पंख्याच्या खाली वळवा, संवेदनशीलता कमी करा. पॅसेजला साधा पीआयआर, म्हणजे अंगाच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारा सेन्सर, पुरे, फक्त उन्हाच्या खिडकीसमोर नको.

एसओएस बटण छातीच्या उंचीवर लावलं तर पडलेल्या माणसाचा हात पोचणार कसा? कमोडशेजारी, जमिनीपासून फूटभरावर एक लावा. आणि अलर्ट तुमच्या सायलेंट फोनवर पडून राहणार नाही हे आधी दाबून तपासा.

दाराच्या स्मार्ट कुलपात बोटाच्या ठशावर विसंबू नका. वयानुसार ठसे झिजतात, आधारच्या मशीनवर हे सगळ्यांनी पाहिलंय. पिन आणि साधी किल्ली दोन्ही चालणारं कुलूप घ्या. शेजारच्या काकूंना ॲपमध्ये सदस्य म्हणून घाला, म्हणजे अलर्ट त्यांनाही जाईल, आणि कुलपाचा त्यांचा पिन वेगळा ठेवा.