छोट्या केसमध्ये चार हार्ड डिस्क
घरच्या स्टोरेज सर्व्हरची जुळणी आज झाली एकदाची! मिनी आयटीएक्स म्हणजे छोट्या आकाराच्या मदरबोर्डवर इंटेल एन१०० प्रोसेसर आहे, रेटिंग ६ वॅट म्हणजे त्याला साधा हीटसिंक पुरतो, खरी काळजी डिस्कची, साडेतीन इंची चार डिस्क खेटून बसल्या की मधल्यांना हवाच मिळत नाही. म्हणून मागे १२० मिमीचा पंखा लावला, स्टॅटिक प्रेशर चांगला असलेला, म्हणजे अरुंद जागेतूनही हवा जोराने ओढणारा, आणि केसच्या बाजूच्या फटी टेपने बंद केल्या, नाहीतर हवा सोपी वाट धरून डिस्कना न शिवताच निघून जाते. दिवसभर फाइल्स कॉपी होत होत्या तरी मधली डिस्क ४१ अंशांवर थांबली, भारी वाटलं! आणि हो, डिस्क सीएमआरच (डेटाचे पट्टे शेजारी शेजारी लिहिणाऱ्या) घ्या, एसएमआरवाल्या (पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिणाऱ्या) रेडच्या (RAID, अनेक डिस्क एकत्र जोडून वापरायची पद्धत) रीबिल्डला, म्हणजे बिघडलेली डिस्क बदलल्यावर तिचा डेटा पुन्हा भरायला, फार वेळ खातात.