हिशोबपट्टीचं ॲप: हरवलेली विंडो सापडली

परभणीच्या मोंढ्यात मामांची आडत आहे. त्यांच्यासाठी सोयाबीनच्या हिशोबपट्ट्या छापायचं छोटं ॲप मी हौसेनं सी शार्प भाषेत, विंडोजवरच्या खिडक्या-बटणं बनवायच्या विनफॉर्म्स या साधनानं लिहितोय. सोमवारी सकाळी त्यांचा फोन: "भाच्या, तुझं ॲप बारवर दिसायलंय, पण वर येईना गेलंय. काटा झाला, शेतकरी थांबलेत."

संध्याकाळी जाऊन सेटिंगची फाइल उघडली. विंडोची पडद्यावरची जागा: एक्स (आडवी) उणे ३२०००, वाय (उभी) उणे ३२०००. तिथंच उलगडा झाला. मामा विंडो मिनिमाइज करतात आणि दुकान बंद करताना टास्कबारवर राइट क्लिक करून क्लोज दाबतात. मिनिमाइज झालेल्या विंडोला विंडोज पडद्याबाहेर, उणे ३२००० वर नेऊन ठेवतं. माझा कोड बंद होताना तीच जागा इमानेइतबारे लिहून ठेवत होता आणि सकाळी विंडो तिथंच उघडत होता.

आधी विंडोस्टेट (विंडोची आत्ताची अवस्था) मिनिमाइज्ड असेल तर रिस्टोअरबाउंड्समधून, म्हणजे विंडोच्या साध्या आकाराच्या नोंदीतून, जागा घेतली. विंडो पडद्यावर आली, पण लहान. मामांना पूर्ण पडदाभर लागते, आकडे मोठे दिसतात म्हणून. मिनिमाइज करण्याआधी ती मॅक्सिमाइज होती, हे विंडोस्टेट सांगत नाही. ते फक्त आत्ताचं सांगतं.

उत्तर गेटविंडोप्लेसमेंटमध्ये मिळालं, विंडोची जागा आणि अवस्था सांगणारं हे विंडोजचं फंक्शन. त्याला हाक मारण्याआधी माहितीच्या साच्यातल्या लेंग्थमध्ये त्या साच्याचा आकार, ४४ बाइट, भरायचा. मग त्यातला शोसीएमडी हा अवस्थेचा आकडा पाहायचा: १ म्हणजे साधी, २ मिनिमाइज, ३ मॅक्सिमाइज. २ आला की फ्लॅग्ज, म्हणजे जास्तीच्या खुणा, बघायच्या. त्यात २ ची खूण (बिट) असेल तर ही विंडो वर येताना पडदाभर येणार, म्हणून मी ३ जपून ठेवतो. नसेल तर १. ही एक खूण मला फार आवडली, विंडो खाली बसलेली असली तरी आपली आधीची अवस्था विसरत नाही.

एका ठिकाणी दोन रात्री गेल्या. मामांच्या विंडोज १० वर टास्कबार वरच्या कडेला आहे. पडदाभर नसलेली साधी विंडो दर वेळी उघडताना टास्कबारच्या उंचीएवढी वर सरकायची. प्लेसमेंटमधली जागा टास्कबार सोडून उरलेल्या भागापासून मोजलेली असते आणि मी ती थेट लोकेशनला देत होतो, जे पूर्ण पडद्यापासून मोजतं. आता सेटविंडोप्लेसमेंट या जोडीच्या फंक्शननंच परत देतो, सरकणं थांबलं.

काल मामांसमोर मोठी, लहान, खाली, सगळ्या अवस्थांत बंद करून उघडली. जागेवर आली. दुसरा मॉनिटर काढून घेतल्यावर काय होतं, ते पुढच्या रविवारी बघतो.