रोझेलची पाहुणी

आमच्या कल्याणातल्या गल्लीत विजेच्या तारांवर संक्रांतीचा एक पतंग अजून अडकलेला आहे. कागद केव्हाच गेला, कामट्यांची फुली तेवढी राहिली. वीज गेली की मी खिडकीत येते आणि त्या फुलीकडे बघत बसते. परवा गेली तेव्हा रोझेल आठवलं.

रोझेल हे न्यू जर्सीतलं छोटं गाव. खांबांवरून तारा ओढून गावाला वीज पुरवण्याचा घाट एडिसनने तिथे घातला, १९ जानेवारी १८८३ ला. आदल्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये त्याने तारा जमिनीखालून नेल्या होत्या, पण ती खणाखणी लहान गावाला कुठली परवडायला! म्हणून खांब. म्हणजे आमच्या पतंगाच्या अपघाताची मुळं पार तिकडे पोचतात. स्टेशन, एक दुकान, चाळीसेक घरं आणि रस्त्यावरचे दीडशे दिवे, एवढा तो संसार. एप्रिलपर्यंत चर्चमध्ये तीस दिव्यांचं झुंबरही लागलं.

आता गंमत अशी की रोझेलचं नाव काढलं की एडिसन आठवतो, पण त्याचं बिऱ्हाड काही तिथे नव्हतं. खरा गाववाला अब्राहम क्लार्क. आजच्या रोझेलच्या हद्दीत त्याचं घर होतं. धंद्याने जमीन मोजणारा. पण कायदा असा घोटलेला की वकिली न शिकताही गरिबांना सल्ला द्यायचा. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्याची सही आहे. इंग्रजांच्या तावडीतून वाचलेला हा माणूस १७९४ मध्ये ऊन लागून गेला.

पण मला आठवते ती तिसरीच. आमच्या कल्याणची यमू, म्हणजे आनंदीबाई जोशी.

रोझेलच्या कार्पेंटरबाई दाताच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या. हाताला लागलं ते मासिक त्यांनी चाळलं आणि त्यात गोपाळरावांचं पत्र निघालं: बायकोला शिकवायचंय. बाईंनी पत्र लिहिलं, इकडून उत्तर गेलं, आणि बघता बघता कार्पेंटरबाईंची ‘मावशी’ झाली. दवाखान्यातली मासिकं मीही चाळते. मला आजवर फक्त फाटलेल्या पाककृती मिळाल्या.

एप्रिल १८८३ मध्ये आनंदी कलकत्त्याहून बोटीत बसली आणि जूनमध्ये मावशीच्या घरी पोचली. नवऱ्याशिवाय, अठरा वर्षांची. गावात दिवे लागून जेमतेम पाच महिने झाले होते. तिच्या माहेरी दिवेलागणीचं केवढं काम! काचा पुसायच्या, वाती कातरायच्या, तेल बघायचं, मग दिव्याला हात जोडायचे. रोझेलच्या रस्त्यावर संध्याकाळी न वातीचा, न तेलाचा दिवा लागला असेल तेव्हा तिचे हात आपोआप जुळले असतील का? माझे जुळले असते. (माझे आजही जुळतात, तासाभराने लाइट आली की.)

तिथे ती चारेक महिने राहिली, मग फिलाडेल्फियाला डॉक्टरीच्या कॉलेजात गेली. मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाली आणि पुढच्या फेब्रुवारीत पुण्यात क्षयाने गेली. बावीस पूर्ण व्हायला महिना राहिला होता.

आमच्या बिल्डिंगमध्ये नवी बाई राहायला आली की पहिला प्रश्न, ‘तुम्ही मूळच्या कुठल्या?’ यमूने काय सांगितलं असतं? जन्म पुण्याचा, माहेर कल्याणचं, संसार गोपाळरावांच्या बदल्यांच्या मागे गावोगाव, आणि चार महिने रोझेल.

गोपाळरावांनी तिच्या अस्थी मावशीकडे पाठवल्या. मावशीने त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीला, आपल्या घरच्यांच्या थडग्यांशेजारी पुरल्या. वरच्या दगडावर तिचं नाव आहे, एम.डी. आहे, साल आहे, आणि शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री असं लिहिलंय. गावाचं नाव मात्र कुठलंच नाही.