आल्टर ईगो: ताईच्या उत्तरांवर चाललेला जन्म

‘आल्टर ईगो’ या जुन्या कॉम्प्युटर खेळात एक अख्खं आयुष्य जगायचं असतं; माझा सध्याचा जन्म, म्हणजे चालू डाव, तरुणपणाची पायरी ओलांडून प्रौढपणात शिरला आहे. नोकरी आहे, लग्न नाही, बँकेत जेमतेम पैसे. इथवर काय काय झालं ते नोंदवून ठेवतो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘आल्टर ईगो’ १९८६ साली अ‍ॅक्टिव्हिजनने बाजारात आणला. लिहिणारे पीटर फवारो हे पेशाने मानसशास्त्रज्ञ. त्यांनी शेकडो स्त्री-पुरुषांशी बोलून आयुष्यातले लक्षात राहिलेले प्रसंग गोळा केले आणि त्यातून खेळ रचला. पडद्यावर छोट्या चित्रांचं एक झाड दिसतं. चित्र निवडलं की प्रसंग उघडतो, तुम्ही पर्याय निवडता आणि पुढचं वाचता. तान्हेपणापासून म्हातारपणापर्यंत सात टप्पे. पुरुषाचा जन्म वेगळा विकत घ्यायचा, बाईचा वेगळा.

सुरुवातीला दोन वाटा असतात. स्वभाव खेळानेच ठरवायचा, किंवा ‘खरं की खोटं’ अशी प्रश्नावली सोडवायची. दोन्ही वाटांनी मी आधी खेळलो आहे. स्वतः प्रश्नावली सोडवली की आपण हळूच स्वतःला बरे गुण देतो, हे इथल्या जुन्या खेळाडूंना सांगायला नको. म्हणून या वेळी माझ्याबद्दलची उत्तरं ताईकडून घेतली. ती मटार सोलत होती, मी प्रश्न मराठीत करून वाचत होतो. एका उत्तराला मी हरकत घेतली तर म्हणाली, “प्रश्न तुझ्याबद्दल आहेत, तुला विचारलेले नाहीत.” पुढे मी तोंड उघडलं नाही.

निकाल असा: शांतपणाची पट्टी तळाला, विश्वासूपणाची चांगली उंच, आत्मविश्वास मधोमध. एकूण बारा गुण मोजले जातात. त्यांत शरीर, बुद्धी, घर, मित्रमंडळी, व्यवसाय यांच्याही पट्ट्या आहेत.

तान्हेपण भराभर गेलं. खेळ आईच्या पोटातच सुरू होतो, ही युक्ती अजूनही आवडते. बालपणात मात्र सांभाळून. अनोळखी माणसाच्या गाडीत बसलात तर खेळ तिथेच संपतो, आणि फवारो तेव्हा वाचणाऱ्याची गय करत नाहीत. चाळीस वर्षांपूर्वी घरच्या कॉम्प्युटरवर कुणी असं लिहिलं असेल यावर आजही विश्वास बसत नाही.

खरी गंमत किशोरवयात आली. बऱ्याच प्रसंगांत आधी मनःस्थिती निवडायची आणि मग कृती. आधीच्या जन्मांत मी कृतीवर नजर ठेवायचो आणि तिला शोभेल अशी मनःस्थिती पाठोपाठ चिकटवायचो. त्याने गुण मिळतात, पण मजकूर सपाट लागतो. या जन्मात उलट चाललो. ताईने रंगवलेला तो तापट पोरगा या क्षणी कसा असेल, हे आधी ठरवायचं आणि मग त्याला झेपेल तेवढंच करायचं. राग आलेला असताना गप्प बसणं आणि घाबरलेलं असताना गप्प बसणं, यांत केवढं अंतर आहे ते अशा वेळी कळतं. माझ्या मते हा खेळ इथेच आहे. पट्ट्या, पैसा, नोकरीचे प्रयत्न हा सगळा हिशेब झाला, आणि तो भाग खरं सांगायचं तर कंटाळवाणा आहे. नोकरी आणि मोठ्या खरेदीची चित्रं मी हल्ली अगदीच अडल्याशिवाय उघडत नाही.

तारुण्यात अमेरिका आडवी येते. हे ऐंशीच्या दशकातलं तिथलं मध्यमवर्गीय जग आहे: स्वतःची गाडी, आवडलेल्या मुलीला फिरायला घेऊन जाणं, कॉलेजसाठी घर सोडणं. लग्न जमवायला मामा-मावशा धावून येत नाहीत, सगळं ज्याचं त्याने बघायचं. नाती फक्त स्त्री-पुरुषांचीच, त्यापलीकडे हा खेळ जात नाही. या बाबतीत तो जुना झालाय आणि ते लपत नाही. निवेदकाचा आवाज मात्र टिकून आहे. कधी समजूत घालतो, कधी चिमटा काढतो, आणि तुम्ही शहाणपणा करायला गेलात की सरळ टोमणा मारतो. ‘बिटलाइफ’ हा फोनवरचा खेळ २०१८ मध्ये आला, तोही याच जातीचा, पण तिथे वर्षं सटासट उडतात. तिथल्या एकाही प्रसंगावर मी थांबून विचार केल्याचं आठवत नाही.

आता यंत्राबद्दल. मी कमोडोर ६४ या ऐंशीच्या दशकातल्या घरगुती कॉम्प्युटरची आवृत्ती ‘व्हाइस’ एम्युलेटरवर, म्हणजे त्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, चालवतो. मूळ यंत्राची मेमरी ६४ केबी, फ्लॉपीच्या एका बाजूवर साधारण १७० केबी मावतं, आणि हा खेळ म्हणजे नुसता मजकूर. त्यामुळे डिस्क बदलाबदली आलीच. लोड होताना वॉर्प मोड (एम्युलेटर भरधाव पळवण्याची सोय) चालू करा, वाचताना बंद. ब्राउझरमध्येही हा खेळ मिळतो आणि फोनवरसुद्धा छान चालतो. नव्याने येणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी, कमोडोरचा हट्ट माझ्यासारख्यांनी करावा. एम्युलेटरचा स्नॅपशॉट घेऊन, म्हणजे खेळाची त्या क्षणाची स्थिती साठवून, मागे जाणं मी या जन्मापुरतं बंद ठेवलंय. मागे जाता येतं म्हटलं की मनःस्थिती प्रामाणिकपणे निवडण्यात काही अर्थच उरत नाही.

ताजी स्थिती: शांतपणा किंचित वर आलाय, मित्रमंडळींची पट्टी घसरली आहे. लग्नाचं चित्र समोर दिसतंय, पण अजून उघडलेलं नाही. हा जन्म संपला की बाईची आवृत्ती लावणार. तिची प्रश्नावली ताईबद्दल असेल आणि उत्तरं मी देणार आहे. तिला कळवलंय. तिची अट एकच: उत्तरं तिच्यासमोर द्यायची.

कुणी मॅकिंटॉशची आवृत्ती चालवून पाहिली असेल तर ती कशी दिसते ते सांगा. आणि प्रश्नावली घरातल्या दुसऱ्या कुणाकडून भरून घेतली असेल, तर पट्ट्या कुठे लागल्या तेही कळवा.